गुगल क्लाउडवर शेअर्ड व्हीपीसीचा सबनेट वाढवायचाय? सेव्ह दाबायच्या आधी हे करा

गेल्या वर्षी मार्चएंडच्या आठवड्यात चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर दुपारी तीनच्या सुमाराला बारा-पंधरा ट्रक खोळंबले, कारण वजनकाट्याची पावती निघेना. काटा चालू, कंप्यूटर चालू, नेट चालू. काट्यावरचा माणूस मला फोनवर सांगत होता, "साहेब, इकडं सगळं पिंग होतंय हो, फक्त पावती नुसती गोल गोल फिरतीये." आणि हे कशामुळे, तर त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी आमच्यातल्या एकाने क्लाउडवर मुंबई रीजनमधला एक सबनेट (नेटवर्कमधल्या पत्त्यांचा एक गट) /२४ चा /२२ केला होता (स्लॅशपुढचा आकडा जितका लहान तितके पत्ते जास्त). मिनिटभराचं काम, पण परत फिरवता येत नाही असं.

ट्रकांचं पुढे काय झालं ते सांगतोच, पण आधी हे काम नीट कसं करायचं ते एकदा सविस्तर लिहून टाकतो, कारण महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मला हेच विचारतं आणि दर वेळी मी चॅटवर तुकड्या-तुकड्यात सांगत बसतो.

मी इथे गुगल क्लाउडच्या शेअर्ड व्हीपीसीबद्दल बोलतोय. व्हीपीसी म्हणजे क्लाउडमधलं आपलं खाजगी नेटवर्क, आणि शेअर्ड म्हणजे ते नेटवर्क एका होस्ट प्रोजेक्टमध्ये असतं आणि बाकीच्या टीम आपापल्या सर्व्हिस प्रोजेक्टमधून त्याच नेटवर्कचे सबनेट वापरतात. ॲमेझॉनवाल्यांनी लगेच उड्या मारू नका, तिकडे एकदा बनवलेल्या सबनेटचा आकार बदलताच येत नाही, तिकडचा रस्ता वेगळा आहे.

आधी बघा, नक्की संपलंय काय

नवी व्हीएम (क्लाउडमधलं व्हर्च्युअल मशीन) बनवताना 'आयपी स्पेस एक्झॉस्टेड' असा एरर आला की लोक थेट सबनेट वाढवायला धावतात. थांबा जरा. सबनेटला एक प्रायमरी रेंज असते आणि वर सेकंडरी रेंज असू शकतात. व्हीएम आणि कुबरनेटिसचे नोड (कंटेनर चालवणारी मशीन) प्रायमरीतून आयपी घेतात, पण त्यांच्यावर चालणारे पॉड (कंटेनरचे गट) घेतात सेकंडरीतून. आणि जीकेईमध्ये, म्हणजे गुगलच्या कुबरनेटिसमध्ये, नेहमीच्या सेटिंगला, म्हणजे नोडमागे ११० पॉड, प्रत्येक नोडसाठी अख्खा एक /२४ बाजूला काढला जातो. म्हणजे पॉडची रेंज /२१ ठेवली असेल तर २०४८ आयपी दिसायला भरपूर दिसतात पण नोड बसतात फक्त आठ! नववा नोड आला की बोंब. अशा वेळी प्रायमरी कितीही वाढवली तरी उपयोग शून्य, कारण वाढवायची सोय फक्त प्रायमरीला आहे. सेकंडरी वाढवता येत नाही, नवी सेकंडरी रेंज जोडून ती नव्या नोडपूलला (नोडच्या गटाला) द्यावी लागते. एका टीमने माझ्याकडे दोनदा सबनेट वाढवून मागितला होता, दोन्ही वेळा संपल्या होत्या पॉडच्याच रेंज.

प्रायमरीच संपली असेल तर त्यात कोण कोण बसलंय तेही बघून घ्या. बंद करून ठेवलेली व्हीएम आपला इंटर्नल आयपी सोडत नाही. रिझर्व्ह करून विसरलेले स्टॅटिक आयपी असतात, जुने इंटर्नल लोड बॅलन्सर असतात. आणि शेअर्ड व्हीपीसीत गंमत अशी की सर्व्हिस प्रोजेक्टवाल्याने रिझर्व्ह केलेला आयपी त्याच्याच प्रोजेक्टच्या यादीत दिसतो, होस्ट प्रोजेक्टमध्ये बसून यादी काढली तर वाटतं सगळं मोकळं आहे. त्यामुळे प्रत्येक सर्व्हिस प्रोजेक्टमध्ये जाऊन यादी काढावी लागते. कंटाळवाणं आहे पण आम्हाला एकदा यातच चाळीसेक आयपी मोकळे मिळाले आणि वाढवायचं काम पुढच्या तिमाहीवर ढकललं.

हिशोब करताना लक्षात ठेवा, प्रत्येक प्रायमरी रेंजमधले चार आयपी गुगल स्वतःकडे ठेवतं: पहिला नेटवर्कचा, दुसरा गेटवेचा, शेवटून दुसरा आणि शेवटचा. म्हणून /२४ मध्ये हाताशी २५२, /२२ मध्ये १०२०, /२० मध्ये ४०९२.

अजून एक, वाढवण्याऐवजी त्याच रीजनमध्ये नवा सबनेट बनवून चालेल का याचा विचार करा. एकाच व्हीपीसीतले सबनेट एकमेकांशी आपोआप बोलतात, वेगळे रूट (कुठल्या पत्त्याला कुठून जायचं ते सांगणारे नियम) टाकावे लागत नाहीत (फायरवॉल अर्थात बघावीच लागते). साध्या व्हीएमसाठी मला तरी नवा सबनेटच आवडतो, नको झाला तर डिलीट करता येतो. पण ज्या गोष्टी त्या सबनेटलाच बांधलेल्या आहेत, जसं चालू क्लस्टर, जुनी इन्स्टन्स टेम्प्लेट, लोड बॅलन्सर, त्यांना हलवण्यापेक्षा सबनेट वाढवणं सोपं पडतं.

रेंज वाढते ती दोन्हीकडे वाढू शकते

आता खरा मुद्दा, याच्यावर आमचे ट्रक अडले.

आमचा सबनेट होता १०.२०.५.०/२४. त्याचा /२२ करायचा म्हणजे चौपट. मनातल्या मनात सगळ्यांनी धरलं की ५ पासून पुढे ६, ७, ८ असे चार मिळणार. त्या तिघांवर कोणी आहे का ते बघितलं, कोणी नव्हतं, झालं.

पण तसं होत नाही. /२२ चा ब्लॉक कुठूनही सुरू होत नाही, तिसरा आकडा चारच्या पटीत असावा लागतो: ०, ४, ८, १२ असं. पाच हा ४ ते ७ च्या घरात पडतो. म्हणजे /२२ केल्यावर रेंज झाली १०.२०.४.० ते १०.२०.७.२५५. आठ मिळालाच नाही आणि मागचा चार आत आला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर आपण समोरचा बांध मोजत बसलो आणि मागचा बांध कोरून शेजाऱ्याच्या वावरात घुसलो.

कागदावर काढायची रीत सोपी आहे. /२३ ला दोनची पट, /२२ ला चारची, /२१ ला आठची, /२० ला सोळाची. आपला तिसरा आकडा घ्या, त्याच्या खालची जवळची पट शोधा (तो स्वतःच पटीत असेल तर तोच), तिथून रेंज सुरू, आणि पट जेवढी तेवढे आकडे पुढे. पाचचा /२१ केला तर ० ते ७, /२० केला तर ० ते १५. अशी प्रत्येक पर्यायाची सुरुवात आणि शेवट कागदावर लिहा, खरंच लिहा, डोक्यात करू नका.

किती वाढवावं? माझं मत, दीड-दोन वर्षाची गरज धरा आणि तेवढंच. नंतर अजून वाढवता येतं पण कमी कधीच करता येत नाही. "एकदाच /१६ करून टाकू, कटकट नको" म्हणणारा प्रत्येक टीममध्ये एक असतो, त्याला चहा पाजा आणि सांगा की उद्या दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कशी पीअरिंग (थेट जोडणी) करायची वेळ आली की हीच रेंज आडवी येईल. ऑटो मोडचं नेटवर्क (ज्यात सबनेट गुगलच बनवतं) असेल तर तसंही /१६ च्या पुढे जाता येत नाही. तिथे मुंबईचा सबनेट आपोआप १०.१६०.०.०/२० असा येतो आणि तो जास्तीत जास्त /१६ होतो. कस्टम मोडला ही मर्यादा नाही, म्हणून तिथे जबाबदारी आपली.

शेजारी शोधायचे, सगळे

नवी सुरुवात-शेवट हातात घेऊन आता त्या घरात आधीपासून कोण राहतंय ते शोधायचं. यातले काही शेजारी असे आहेत की गुगल स्वतःच अडवतं: त्याच व्हीपीसीतले दुसरे सबनेट आणि त्यांच्या सेकंडरी रेंज, पीअरिंग केलेल्या नेटवर्कचे सबनेट, क्लाउड एसक्यूएल वगैरेच्या प्रायव्हेट कनेक्शनसाठी राखून ठेवलेली रेंज, आणि नव्या रेंजच्या पोटात बसणारा एखादा स्टॅटिक रूट. यांच्याशी टक्कर झाली तर एरर येतो आणि काम थांबतं. हे बरंच आहे.

घात करतात ते न अडवणारे. व्हीपीएन किंवा इंटरकनेक्टवरून (गुगलपर्यंतची खास लाइन) बीजीपीने, म्हणजे राउटर एकमेकांना रूट कळवतात त्या पद्धतीने, येणारे ऑफिस-कारखान्याचे रूट. आपल्या ऑफिसच्या राउटरवर नियम असा की जो रूट जास्त नेमका तो जिंकतो, /२२ आणि /२४ दोन्ही असतील तर /२४ ला मान. गुगलच्या व्हीपीसीत मात्र नेहमीच्या सेटिंगला सबनेटचा रूट वरचढ. बाहेरून आलेला रूट सबनेटच्या रेंजच्या आत बसत असेल तर तो कितीही नेमका असला तरी बाजूला टाकला जातो, आणि त्या पत्त्यावर क्लाउडमध्ये व्हीएम नसेल तर पॅकेट सरळ फेकून दिलं जातं. एरर नाही, काही नाही.

चाकणला १०.२०.४.०/२४ वर वजनकाट्याचं नेटवर्क होतं. काट्याचा कंप्यूटर क्लाउडमधल्या ईआरपीला, म्हणजे कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरला, हाक मारायचा, ती हाक पोचायची, ईआरपी उत्तर द्यायला जायचा आणि उत्तर व्हीपीसीतच मरायचं. कारखान्याच्या आत मात्र सगळं एकमेकांना पिंग होत होतं, कारण तिथला स्थानिक राउटर व्यवस्थित होता. म्हणून तो बिचारा म्हणत होता इकडं सगळं चालू आहे, आणि खरं तेच होतं.

तर काय करायचं: कन्सोलमध्ये रूट्सच्या पानावर 'इफेक्टिव्ह रूट्स' नावाचा टॅब आहे, तिथे नेटवर्क आणि रीजन निवडा, पूर्ण यादी येते, त्यात डायनॅमिक प्रकारचे (बीजीपीने आलेले) रूट एकेक करून आपल्या नव्या सुरुवात-शेवटाशी ताडून बघा. मग कारखान्याच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवाल्याला फोन करा, मेल नको, फोन, आणि विचारा की या रेंजमध्ये तुमच्याकडे काही आहे का, आत्ता बीजीपीने जाहीर न केलेलं पण उद्या करणार असाल असंही. त्याच्याकडे एक्सेल असते. ती एक्सेल दोन वर्षं जुनी असते. तरी मागा.

आणि १७२.१६ च्या घरातली रेंज वापरत असाल तर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) विसरू नका, व्हीएमवर डॉकर टाकला की तो मुकाट १७२.१७.०.०/१६ स्वतःसाठी घेतो. तुमचा सबनेट तिथपर्यंत वाढला की डॉकरवाल्या व्हीएमना तेवढे पत्ते दिसेनासे होतात आणि बाकीच्यांना दिसतात, मग बसा शोधत.

आधीच बदलून ठेवायच्या जागा

सबनेट वाढला तरी जुनी रेंज जिथे जिथे हाताने लिहिलीये तिथे ती तशीच राहते. हे आधीच करून ठेवलं तर नव्या व्हीएम आल्या आल्या चालतात. फायरवॉलचे जे नियम टॅगवर किंवा सर्व्हिस अकाउंटवर आहेत त्यांना हात लावायची गरज नाही, पण सोर्स रेंज म्हणून १०.२०.५.०/२४ लिहिलेले सगळे नियम शोधून काढा.

मग व्हीएमच्या आतल्या गोष्टी, ज्या क्लाउडच्या कन्सोलमध्ये दिसतच नाहीत. मायएसक्यूएलमध्ये युझर १०.२०.५.% वरूनच यायला परवानगी दिलेली असते, पोस्टग्रेसच्या एचबीए फाइलमध्ये रेंज लिहिलेली असते, एनएफएसच्या एक्सपोर्टमध्ये असते. आणि ऑफिसच्या बाजूची फायरवॉल, तिचा बदल दुसऱ्या टीमकडे असतो आणि त्याला आठवडा लागतो, म्हणून ती विनंती पहिल्या दिवशीच टाका.

व्हीपीएनचं बघून घ्या. एचए व्हीपीएन आणि क्लाउड राउटर डीफॉल्ट मोडमध्ये असेल तर नवी रेंज आपोआप जाहीर होते. कस्टम जाहिरात लावली असेल तर ती यादी तुम्ही बदलायची, आणि पलीकडच्या राउटरवर फिल्टर असेल तर तोही. जुना क्लासिक व्हीपीएन असेल, ज्यात दोन्हीकडच्या रेंज टनेल बनवतानाच लिहून दिल्या आहेत, तर त्या नंतर बदलता येत नाहीत, टनेल पाडून परत बनवावा लागतो. म्हणजे इथे डाउनटाइम आला, सबनेट वाढवण्याला नसला तरी.

क्लाउड नॅटचाही (व्हीएमचा खाजगी पत्ता बदलून तिला इंटरनेटवर नेणारी सोय) एक हिशोब. 'सगळे सबनेट' असं लावलं असेल तर रेंजची काळजी नाही, पण व्हीएम वाढणार म्हणजे पोर्ट वाढणार. स्टॅटिक वाटप असेल तर डीफॉल्ट ६४ पोर्ट एका व्हीएमला, आणि एका नॅट आयपीकडे ६४,५१२ पोर्ट असतात, म्हणजे १००८ व्हीएम. पोर्टची संख्या वाढवून ठेवली असेल तर हा आकडा पटकन खाली येतो.

आता प्रत्यक्ष

परवानगी लागते होस्ट प्रोजेक्टमधली, नेटवर्क ॲडमिनचा रोल. सर्व्हिस प्रोजेक्टवाल्यांकडे असतो नेटवर्क युझरचा, त्याने सबनेट वापरता येतो, वाढवता येत नाही. त्यामुळे "मला बटणच चालत नाहीये" म्हणणाऱ्याने आधी वरच्या पट्टीत प्रोजेक्ट कुठला निवडलाय ते बघावं.

टेराफॉर्म (क्लाउडची रचना कोडमध्ये लिहून ठेवायचं साधन) वापरत असाल तर बदल टेराफॉर्ममधूनच करा, कन्सोलला हात लावू नका. सबनेटच्या आयपी सीआयडीआर रेंजमध्ये १०.२०.५.०/२४ च्या जागी १०.२०.४.०/२२ लिहा, पाच नाही चार, आणि प्लॅन (काय बदलणार ते आधी दाखवणारी पायरी) चालवा. नवी रेंज जुनीला पूर्ण पोटात घेत असेल तर प्लॅनमध्ये नुसता बदल दिसतो. 'फोर्सेस रिप्लेसमेंट' असं दिसलं तर तिथेच थांबा, त्याचा अर्थ तो सबनेट पाडून परत बांधायला निघालाय. हाच प्रकार उलटाही होतो: कोणी घाईत कन्सोलमधून वाढवलं आणि कोडमध्ये जुनीच रेंज राहिली, तर पुढच्या वेळी टेराफॉर्मला वाटतं सबनेट लहान करायचाय, आणि लहान करता येत नाही म्हणून तो पाडायचा प्लॅन मांडतो. सबनेट वापरात असेल तर डिलीट होणार नाही, पण रात्री साडेअकराला तो प्लॅन बघून छातीत धस्स होतं ते होतंच.

कन्सोलमधून असेल तर होस्ट प्रोजेक्ट, मग व्हीपीसी नेटवर्क्स, नेटवर्कचं नाव, सबनेट्सचा टॅब, सबनेटचं नाव, एडिट, आणि प्रायमरी रेंजच्या रकान्यात पूर्ण नवा ब्लॉक लिहून सेव्ह.

जीक्लाउड कमांडने करायचं तर 'एक्सपांड आयपी रेंज' नावाची कमांड आहे, तिला सबनेटचं नाव, रीजन, होस्ट प्रोजेक्ट आणि नुसती प्रीफिक्सची लांबी द्यायची, सुरुवात ती स्वतः काढते. आणि काढलेली सुरुवात ती दाखवतेही! चालू करायच्या आधी विचारते की हा सबनेट १०.२०.५.०/२४ वरून १०.२०.४.०/२२ होणार, काही मिनिटं लागतील आणि हे परत फिरवता येणार नाही, पुढे जाऊ का. आमच्याकडे नेमकी हीच कमांड चालवली होती. ती ओळ स्क्रीनवर होती, त्यात 'चार' स्पष्ट लिहिलेला होता, आणि आमच्या गड्याने एंटर दाबलं, कारण तिथे एंटर म्हणजे होच. म्हणून माझं म्हणणं, कागदावर काढलेली सुरुवात आणि स्क्रीनवरची सुरुवात दोघांनी मिळून वाचायची, एकाने मोठ्याने. वेडेपणा वाटतो, वाटू दे.

चालू व्हीएमना याचा काही त्रास होत नाही. त्यांचे आयपी तेच राहतात, रीस्टार्ट लागत नाही, आणि आत जाऊन नेटमास्क बदलायचीही गरज नाही, कारण गुगलच्या व्हीएमच्या इंटरफेसवर मास्क मुळातच /३२, म्हणजे फक्त स्वतःच्या एका पत्त्याचा, असतो. ऑफिसातल्या नेटवर्कवर मास्क बदलायला टेबलाटेबलावर फिरलेल्यांना याची किंमत कळेल.

झाल्यावर तपासणी

नुसती एक नवी व्हीएम बनवून "चाललं" म्हणू नका, तिला जुन्याच रेंजमधला मोकळा झालेला आयपी मिळाला असेल तर तुम्ही काहीच तपासलेलं नाही. टेस्ट व्हीएम बनवताना आयपी स्वतः लिहा, नव्या तुकड्यांतला, आमच्या बाबतीत एक ६ मधला आणि एक ७ मधला. तिथून जुन्या व्हीएमला पिंग, डेटाबेसला लॉगिन, इंटरनेटवर एक डाउनलोड, ऑफिसमधून त्या व्हीएमवर एसएसएच, आणि उलट त्या व्हीएमवरून ऑफिसातल्या प्रत्येक नेटवर्कमधल्या एकेका मशीनला. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच आमच्याकडे केलं नव्हतं. मग टेस्ट व्हीएम उडवा.

वेळ सकाळची निवडा, सगळ्या साइट चालू असताना. रात्री केलं की काटा बंद असतो, कोणाला काही कळत नाही, आणि सकाळी सहाला पहिला ट्रक आल्यावर कळतं.

आणि चुकलंच तर

सबनेट लहान करता येत नाही, त्यामुळे दुरुस्ती दुसऱ्या बाजूलाच करावी लागते. आम्ही त्या दुपारी कारखान्याच्या राउटरवर नॅट लावला: काट्याच्या नेटवर्कमधून क्लाउडकडे जाणारं सगळं १०.२०.४०.० च्या रेंजमधून गेल्यासारखं दिसेल असं, आणि ती ४० ची रेंज बीजीपीने क्लाउडला जाहीर केली. ईआरपीच्या फायरवॉलमध्ये ४० घातला. क्लाउडकडून काट्याकडे जाणारी जी दोन-तीन कनेक्शनं होती त्यांच्यासाठी उलटा नॅट, आणि ईआरपीच्या सेटिंगमध्ये काट्याचा पत्ता बदलला. चार वाजून गेल्यावर पहिली पावती निघाली. तोपर्यंत काट्यावरच्या माणसाने हाताने वहीत वजनं लिहून सहा ट्रक सोडले होते, ती वही मी नंतर बघितली, निळ्या पेनाने ट्रकचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि ड्रायव्हरची सही. ईआरपीत सगळं जुळलं, एक किलोही इकडेतिकडे नाही.

पुढच्या रविवारी कारखाना बंद असताना काट्याच्या सगळ्या मशीनना खरेखुरे ४० चे पत्ते दिले आणि नॅट काढून टाकला. १०.२०.४ वर आता क्लाउडमधल्या व्हीएम आहेत.